इलेक्ट्रिक कारची बॅटरी पंपावर बदलून घेणं शक्य आणि सुरक्षित आहे का?

शक्य आहे. चीनमध्ये निओ कंपनीच्या केंद्रांवर यंत्र गाडीखालून बॅटरी काढून काही मिनिटांत दुसरी बसवतं. पण आपल्या नागपुरातल्या ई-रिक्षाची बॅटरी बदलताना पाहून कारचा अंदाज बांधू नका. कारचा बॅटरी पॅक बऱ्याचदा अडीचशे-तीनशे किलोचा, 300 व्होल्टच्या वरचा, शिवाय त्याला थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या नळ्या. कनेक्टर झिजला किंवा सील नीट बसलं नाही, तर पावसाळ्यात धोका. मे महिन्यातल्या 45 अंशांत तापून आलेला पॅक आधी थंड करूनच चार्जला लावायला हवा.

खरी अडचण मापाची: प्रत्येक कंपनीचा पॅक वेगळा. इस्रायलमध्ये बेटर प्लेस या कंपनीने बॅटरी बदलायची मोठी केंद्रं उभारली, पण तिथे चालणारी गाडी रेनॉची एकच. 2013 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

तूर्त घरचं अर्थिंग तपासून रात्रीच चार्ज करा. आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून पॅक उघडून घेऊ नका, जिवावर बेतेल.