रिपोर्ट नॉर्मल आले, मग भीती का जात नाही?

मोठ्या आजारातून उठलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तोही अपराधी सुरात. जीव वाचला, घरच्यांनी एवढं केलं, तरी आपण रडतोय म्हणजे आपणच कृतघ्न, असं त्यांच्या मनाने घेतलेलं असतं.

पन्नाशीच्या एक बाई अशाच आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) न्यूमोनिया बळावल्यामुळे त्या आयसीयूत व्हेंटिलेटरवर होत्या. घरी येऊन वर्ष उलटलं होतं. तरी कुठलंही यंत्र बीप वाजलं की छातीत धस्स व्हायचं, झोपेत पांघरुणात हात अडकला की किंचाळून उठायच्या. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला पळवून नेऊन बांधून ठेवलं होतं. तसं झालं नव्हतं हे कळतं हो, पण आठवतं ते तेवढंच."

त्यांना वेड लागलं नव्हतं. गंभीर आजार, गुंगीची औषधं आणि मोडलेली झोप यांमुळे आयसीयूत अनेकांना भ्रम होतो. खरे प्रसंग पुसले जातात, भ्रम मात्र लख्ख राहतात. त्यानंतरचा अशक्तपणा, विसराळूपणा, चिंता, नैराश्य या सगळ्याला 2010 पासून 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' म्हणतात. आयसीयूतून घरी आलेल्या साधारण पाचातल्या एकाला वर्षभरानंतरही मानसिक आघाताची लक्षणं जाणवतात.

यजमान बाहेर बसले होते. "तिला त्रास नको म्हणून घरात आम्ही तो विषयच काढत नाही," म्हणाले. किती प्रेमाने पाळलेलं मौन! पण त्यामुळे बाई त्या भ्रमात एकट्या पडल्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं आणि तिथे काय काय घडलं ते सांगायला सांगितलं. गुंगीत नळी ओढून काढू नये म्हणून हात मऊ पट्ट्यांनी बांधले होते. भेटीच्या वेळेत सिस्टर एक पट्टी सोडायच्या आणि ते तो हात धरून बसायचे. "अंगठा सोडतच नव्हतीस तू माझा."

"तुम्ही होतात तिथे?" बाईंनी विचारलं. यजमानांना बोलवेना.

डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेमध्ये परिचारिका आणि नातेवाईक रुग्णासाठी आयसीयूतली रोजनिशी लिहितात. सगळ्यांनाच तिचा सारखा उपयोग होतो असं नाही, पण इथे मला ती हवीच वाटली. यजमानांनी मागचे दिवस आठवून लिहिले. बाई झेपेल तेवढंच वाचायच्या, नको वाटलं की वही मिटायच्या. सोबत मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. भीतीपायी झोप आणि रोजची कामं इतकी बिघडली असतील, तर नुसतं बोलणं पुरत नाही. काही महिन्यांत झोप बरीच सुधारली. बीपला त्या अजून दचकतात, पण आता शेजारच्याला सांगतात.

हा आघात नातेवाइकांनाही होतो. तो विषय मी काढणारच होते, पण त्याआधी यजमानांनीच स्वतःसाठी वेगळी वेळ मागून घेतली.