इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला आहेत आणि ते सगळे लक्षात कसे ठेवायचे?

आकड्यांचं आधी उरकतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. सुमारे ६०,००० शब्द, आणि नुसत्या क्रियापदाचेच ४३० अर्थ. पुढे नोंदी सुधारत गेल्या तसे २००० साली ‘मेक’, २००७ साली ‘पुट’ आणि २०११ साली ‘रन’ पुढे सरकले. ‘रन’चे ६४५. परीक्षेत विचारलं तर ‘रन’ लिहून मोकळे व्हा.

आता लक्षात कसे ठेवायचे. ठेवूच नका. माझा मेहुणा इंग्रजीचे क्लास घेतो आणि पोरांकडून अशाच याद्या घोकून घेतो. दर दिवाळीला आमची यावरून जुंपते.

मी मराठी माध्यमातला, डिप्लोमा केलेला साइट सुपरवायझर. एकदा स्लॅबच्या दिवशी आरएमसीची, म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट आणणारी, गाडी कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. आली तेव्हा चलनावरच्या गाडी भरल्याच्या वेळेपासून दोन तास केव्हाच उलटले होते. कन्सल्टंटची लेखी सूचना होती, इनिशियल सेट झालेला माल उतरवायचा नाही. आमचा नवा इंजिनिअर कॉन्व्हेंटमधला, फाडफाड इंग्रजी. त्याने माल हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाला, “काका, सेट कुठे झालाय? मऊच आहे. थोडं पाणी मारू आणि ओतू.” त्याच्या डोक्यात सेट म्हणजे जेली होते तसं. सिमेंटवाल्यांचा सेट निराळा. लॅबमध्ये विकॅटची सुई सिमेंटच्या पेस्टमध्ये सोडतात. ती तळापासून ५ मिमीच्या आसपास अडकली की झाला इनिशियल सेट, आणि हाताला पेस्ट तेव्हाही मऊच लागते. साध्या ओपीसीत, म्हणजे ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंटमध्ये, तो ३० मिनिटांच्या आत होता कामा नये, आणि फायनल सेट ६०० मिनिटांच्या आत व्हायलाच हवा. ताकद येणं ही त्यानंतरची गोष्ट, तिला हार्डनिंग म्हणतात. मी गाडी परत पाठवली. त्याने ऑफिसला फोन लावला, मला बोलणी खावी लागली. संध्याकाळी कन्सल्टंटने चलन बघितलं आणि मुकाट्याने सही केली.

मेहुण्याच्या यादीत ‘सेट म्हणजे घट्ट होणे’ एवढंच आहे. मी विचारून घेतलंय.

अहो, ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चं प्रयोजक रूप. बसणे, बसवणे. आपल्याकडे गणपती बसवतात, फरशी बसवतात, नाटक बसवतात. घसा बसतो, चटका बसतो, विश्वास बसतो, कामाची घडी बसते. याची यादी शाळेत कुणी दिली होती का? अंगणात, स्वयंपाकघरात, भांडणात ऐकत गेलो आणि आलं. सूर्य ‘सेट’ होतो तो खाली बसतो, तारीख ‘सेट’ करतात ती बसवतात. मात्र टीसेट, डिनरसेट यांतला सेट वेगळ्या घराण्यातला, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आलेला. दोन्ही शब्द पुढे एकमेकांत इतके मिसळले की शब्दकोशवाल्यांनाही ते वेगळे करताना घाम फुटतो.

म्हणून ज्या धंद्यात आहात त्या धंद्याचा सेट शिका. सुताराला करवतीचे दात आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूला वाकवण्याचा सेट माहीत हवा, टेनिसवाल्याला सहा गेमचा. बाकीचे अर्थ गरज पडली की भेटतील.

एमपीएससी किंवा बँकेची परीक्षा देत असाल तर सेट अप, सेट ऑफ, सेट इन असे जोडशब्द करावेच लागतात, तेवढ्यापुरता मेहुणा बरोबर आहे. पण तेही अख्ख्या वाक्यात करा. आणि साइटवाल्यांनो, ३० मिनिटं नुसत्या पेस्टची, आरएमसीत रिटार्डर, म्हणजे सेट लांबवणारं रसायन, असतं, तेव्हा घड्याळ लावून गाड्या परत पाठवू नका. आयएस ४९२६ हे आरएमसीचं भारतीय मानक गाडी भरल्यापासून दोन तास देतं. त्यापुढे मात्र कुणी कितीही इंग्रजी बोललं तरी पाणी मारू देऊ नका.