टक्क्यांचं नंतर पाहू, आधी रात्रीचा फोन बदला

भाऊ, नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून आलेलं तुमचं चार पानी पत्र वाचलं. मुलगी अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन विषय राहिलेत, रात्र रात्र झोप नाही, पुस्तक उघडलं की रडू येतं. कोणीतरी माइंडफुलनेसचा कोर्स सुचवला. त्यानं एकाग्रता वाढून टक्के वाढतील का, असं तुम्ही विचारलंय.

मला टक्क्यांपेक्षा तुमच्या एका ओळीची काळजी वाटते: ‘रोज रात्री फोन करून सांगतो, तुझ्या फीपायी सोयाबीन पडत्या भावात विकलं, याची जाण ठेव.’ यात खोटं काही नाही. माल घरात आला की सोसायटीचं कर्ज आणि कृषी केंद्राची उधारी दारात उभी राहते, भाव चढेपर्यंत थांबायला कोणाला जमतं? पण तो हिशेब डोक्यात घेऊन पोरीनं केमिस्ट्रीचा पेपर लिहायचा कसा? झोपायच्या आधी रोज हेच ऐकवायचं आणि झोप येत नाही म्हणून तिलाच कोर्सला धाडायचं, हे मला मुळीच पटत नाही.

माइंडफुलनेस म्हणजे मन रिकामं करणं किंवा लक्ष जखडून ठेवणं, हा मोठा गैरसमज आहे. जॉन कबात-झिन या अमेरिकन संशोधकांनी १९७९ साली अमेरिकेत याचा काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखणी सोसणाऱ्या रुग्णांसाठी. श्वासाकडे लक्ष द्यायचं, ते भटकलं की ओळखायचं आणि स्वतःवर न चिडता परत आणायचं. ‘मी नापासच होणार’ असं मनात आलं, तर हा फक्त एक विचार आहे, हे ओळखायचं. भटकणं चालूच राहतं, सराव परत येण्याचा असतो. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. हे प्रशिक्षण घेतलेल्यांना परीक्षेच्या दिवसांत मानसिक त्रास कमी जाणवला. एवढाही फायदा मोलाचाच आहे. मात्र टक्के वाढवण्याची हमी देऊन कोणी पैसे मागत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. शिवाय डोळे मिटून बसलं की काहींची घालमेल वाढते. म्हणून तिची इच्छा असेल तरच तिनं शिकावं आणि त्रास झाला तर खुशाल सोडावं.

आधी तिला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर तिला द्या, तिथे मराठीत बोलता येतं. ‘जगून काय करू’ अशी भाषा तिच्या तोंडी आली, तर वेचणी टाकून त्याच दिवशी अमरावती गाठा.

राहिलेले विषय पुन्हा देता येतात. पदवी हाती आली की एमपीएससी, बी.एड., एम.एस्सी., सगळं खुलं आहे.

आज रात्री फोन कराल तेव्हा जेवली का, मैत्रिणी कशा आहेत, एवढंच विचारा. कर्ज माझं आहे, ते मी पाहीन, हे तिला स्पष्ट सांगा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिला काय शिकायला आवडतं, हे तुमच्या चार पानांत मला कुठेच सापडलं नाही.