वाचकांचे प्रश्न : संगणक मधूनच गोठतो, फॉरमॅट करावा का?

प्रश्न : आमच्या घरी सहा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप आहे. महिनाभरापासून तो मधूनच अडकतो. माऊसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला राहतो आणि मिनिट-दोन मिनिटांनी सारे पूर्ववत होते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे 100 टक्के दिसतात. अँटिव्हायरसला काही सापडले नाही. दुकानदार म्हणतात की फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकू. मुलांचे लहानपणचे फोटो आणि शेतीची स्कॅन केलेली कागदपत्रे याच हार्ड डिस्कवर आहेत. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फॉरमॅट तूर्त मुळीच करू देऊ नये. आपण सांगितलेली लक्षणे हार्ड डिस्कचा काही भाग वाचता येईनासा झाल्याची आहेत, आणि अशा वेळी दुरुस्तीच्या आधी फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेणे हेच पहिले काम असते.

डिस्कवरील माहिती सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत साठवलेली असते. एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार न मानता तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि तेवढा वेळ त्या माहितीसाठी थांबलेले प्रोग्रॅम जागच्या जागी अडकून राहतात. बाण हलवण्यासाठी मात्र डिस्कची गरज पडत नाही, म्हणून तो हलत राहतो. विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील 'सिस्टिम' या नोंदवहीत 'डिस्क' या नावाखाली 7 क्रमांकाची नोंद दिसली, तर ती खराब ब्लॉकची असते. 153 क्रमांकाची नोंद वाचण्या-लिहिण्याचे काम पुन्हा करावे लागल्याची असते.

बाहेरची यूएसबी डिस्क जोडून आधी जे पुन्हा मिळणार नाही तेवढेच कॉपी करावे. चित्रपट, गाणी आणि प्रोग्रॅम यांत वेळ घालवू नये. एखाद्या फाइलवर कॉपी अडली, तर ती सोडून पुढच्या फोल्डरकडे वळावे. डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊ लागला, तर संगणक ताबडतोब बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्यावा.

चेकडिस्क हा विंडोजमधील डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवण्याचा सल्लाही आपल्याला मिळेल. खराब सेक्टर शोधणारा त्याचा 'आर' हा पर्याय संपूर्ण डिस्क वाचून काढतो. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात आणि आधीच थकलेल्या डिस्कवर तेवढा ताण पडतो. शिवाय तो फाइलींची रचना सुसंगत करतो, त्यातला मजकूर वाचवण्याची हमी देत नाही. म्हणून कॉपी हाती येण्यापूर्वी तो चालवू नये.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेल्या नोंदी, पाहावी. '05' म्हणजे खराब झाल्याने बदलून दिलेले सेक्टर, 'सी5' म्हणजे नीट वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर; या दोन्हींपुढे शून्याहून मोठा आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर ती डिस्क भरवशाची राहिलेली नाही. हे आकडे सुरुवातीला सोळाच्या पटीतील पद्धतीने दाखवले जातात, म्हणजे तिथला 10 हा आपला 16 असतो. मात्र '05' व 'सी5' शून्यावर असून केवळ 'सी7', म्हणजे केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. संगणक बंद करून, वीज काढून केबल बदलावी. 'सी7'चा जुना आकडा कमी होत नाही. तो पुढे वाढत नाही ना, एवढेच पाहावे.

आता दुकानदारांच्या सल्ल्याविषयी. क्विक फॉरमॅट खराब सेक्टरना हातही लावत नाही. पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळीकडे नव्याने लिहिले जाते, त्यामुळे 'सी5' शून्यावर येऊन डिस्क सुधारल्यासारखी भासू शकते. पण तिच्या पृष्ठभागाची झीज तशीच राहते आणि काही आठवड्यांत तोच त्रास परत येण्याचा धोका असतो. '05' आणि 'सी5' वाढत असतील, तर नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) घेऊन तिच्यावर विंडोज टाकणे, हाच खर्च योग्य ठरेल, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने, आपल्याकडे तीच आवृत्ती असेल, तर संगणक विंडोज 11 साठी पात्र आहे का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.

जुनी डिस्क दुकानात बदल्यात देऊ नये. कॉपी केलेले फोटो आणि कागदपत्रे एकेक उघडून पाहिल्यानंतरच, आणि त्यांची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवल्यानंतरच तिची विल्हेवाट लावावी.