८० किलोवॅटसाठी मॉड्युलर यूपीएस: तुमच्या तीन कोटेशनांवर माझं मत (लांब आहे)

तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप उडाली, कारण काही वर्षांपूर्वी मी नेमका ह्याच जागी होतो. तुमचं फोंड्याला हॉस्पिटल, आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर), लॅब आणि सर्व्हर रूम मिळून ८० किलोवॅट लोड, हातात मॉड्युलर यूपीएसची (एका फ्रेममध्ये छोटे मॉड्यूल सरकवलेले, सगळे मिळून लोड घेतात) तीन कोटेशनं, एकात २५ किलोवॅटचे चार मॉड्यूल, दुसऱ्यात ५० चे तीन, तिसऱ्यात ३० चे चार, आणि तिघांनीही वर एन प्लस वन (लागतात त्यापेक्षा एक मॉड्यूल जास्त) लिहिलंय. डबल कन्व्हर्जनच (लोड सतत इन्व्हर्टरवरच चालतो तो प्रकार) का वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही.

पहिलं कोटेशन आजच बाजूला ठेवा. चारातला एक मॉड्यूल गेला की ७५ उरतात आणि लोड ८०, मग प्लस वन कुठे राहिला? तिसऱ्यात एक गेला तर ९० उरतात, आज चालेल, पण आयसीयूत चार बेड आणि लॅबमध्ये दोन मशिनं वाढली की संपलं. दुसऱ्यात १०० उरतात. रिडंडन्सी (हा जादाचा आधार) अशीच जाते, लोड थोडा थोडा चढत राहतो आणि डिस्प्लेवर सगळं हिरवंच दिसतं. म्हणून रिडंडन्सी गेल्याचा अलार्म मिळतो का ते विचारा आणि तो पहिल्या दिवशीच चालू करून घ्या. आणि केव्हीए (भासमान क्षमता) नाही, किलोवॅट (खरी क्षमता) लिहून घ्या. ०.८ पॉवर फॅक्टरवाला १०० केव्हीए म्हणजे ८०च किलोवॅट.

आता मला सगळ्यात महाग काय पडलं ते सांगतो. मी तेव्हा वास्कोच्या बाजूला एका टेस्टिंग लॅबचं इलेक्ट्रिकल बघायचो. २५ चे चार मॉड्यूल, लोड ६८, आणि पाचवा मॉड्यूल स्पेअर म्हणून मीच हट्ट करून घ्यायला लावला होता. तो बॉक्समध्ये स्टोअरच्या शेल्फवर ठेवला. माझं गणित सरळ होतं, एक बिघडला की रात्रपाळीचा ऑपरेटर दहा मिनिटांत बदलेल, कुणाची वाट बघायला नको, मॉड्युलर घ्यायचं ते त्याचसाठी ना.

तीन वर्षांनी, चवथीच्या चार दिवस आधी, एक मॉड्यूल गेला. ऑपरेटरने शिकवल्याप्रमाणे तो काढून स्पेअर सरकवला, दिवे लागले, पण मॉड्यूल लोड घेईना. डिस्प्लेवर व्हर्जन जुळत नसल्याचा मेसेज. झालं असं होतं की मधल्या काळात सर्व्हिसवाल्यांनी पीएमच्या (नियमित देखभालीच्या) व्हिजिटला फ्रेममधल्या चारही मॉड्यूलचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं होतं आणि शेल्फवरचा पाचवा कुणाच्या लक्षातच नव्हता, माझ्याही नाही. पॅरलल चालणारे मॉड्यूल एकमेकांशी सतत बोलत असतात, करंट वाटून घेतात, त्यामुळे वेगळ्या व्हर्जनवाल्याला फ्रेम आत घेत नाही हे बरोबरच आहे. पण अपडेट करायला त्यांचा लॅपटॉप आणि त्यांचा पासवर्ड लागतो.

मग त्यांच्या सर्व्हिस ऑफिसला फोन. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. गोव्यात त्यांचा माणूस नव्हता हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिकीट नंबर मिळाला, दुसऱ्या दिवशी मेल आला की यूपीएस लोडवर आहे तर हे इमर्जन्सीत बसत नाही, इंजिनियर सणानंतर येईल. मी सांगत राहिलो की तीनच मॉड्यूलवर चालतंय, ७५ वर ६८, आता एकही गेला तर धरणार नाही. समोरून दरवेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून तीच कहाणी. एकदा तर तिकीट क्लोज केल्याचाच मेसेज आला. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

चवथीच्या आदल्या रात्री दुसऱ्या मॉड्यूलचा फॅन अडकला. उरले ५०, लोड ६८, ओव्हरलोडमुळे यूपीएस बायपासवर गेला म्हणजे लोड थेट मेन्सवर (बाहेरून येणाऱ्या विजेवर), आणि बाहेर धो धो पाऊस. वीस मिनिटांनी बाहेरच्या लाइनचा फीडर ट्रिप झाला. डीजी (डिझेल जनरेटर) यायला बारा-तेरा सेकंद, तेवढ्यात सगळं बंद. आमच्याकडे चाचण्या वाया गेल्या, सॅम्पल परत मागवावे लागले, तारखा चुकल्या. तुमच्याकडे त्या बारा सेकंदांत आयसीयू असेल, म्हणून एवढं लिहितोय.

त्यामुळे माझं ठाम मत, आणि हे फक्त माझ्या अनुभवावरून, मी कन्सल्टंट नाही: स्पेअर मॉड्यूल शेल्फवर ठेवू नका, फ्रेममध्ये लावून चालवा. तो इतरांबरोबर झिजेल हे खरं, पण अपडेट होत राहील, कोरडा राहील आणि बिघडला तर लगेच कळेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेल्या मॉड्यूलचे कपॅसिटरसुद्धा खराब होतात. काही कंपन्यांच्या फ्रेम नवीन मॉड्यूलचं फर्मवेअर स्वतःच जुळवून घेतात, ते तिघांनाही लेखी विचारा.

दुसरं म्हणजे मॉड्यूलची तुलना फार करत बसू नका, त्यात आता फरक कमी राहिलाय. जे मॉड्यूल नाही त्याची तुलना करा. स्टॅटिक बायपास (यूपीएस धरेना तर लोड मेन्सवर टाकणारा स्विच) मधला एकच आहे की प्रत्येक मॉड्यूलमध्ये वेगळा, तो गेला तर चालू लोडवर बदलता येतो का, कंट्रोल कार्ड दोन आहेत का. मला मधला, पूर्ण रेटिंगचा बायपास बरा वाटतो, कारण पुढे शॉर्ट सर्किट झालं तर तो ब्रेकर ट्रिप होईपर्यंत करंट सोसतो. ह्यावर उलट मत असलेले जाणकारही आहेत. आणि बाहेरचं मेंटेनन्स बायपास पॅनेल (यूपीएस पूर्ण बाजूला काढूनही लोड चालू ठेवणारं) कोटेशनमधून कुणालाही कापू देऊ नका. आमच्या परचेसने कापलं होतं, मॉड्यूल चालू लोडवर निघतात मग हे कशाला म्हणून. फ्रेमच्या आतलं काम निघालं तेव्हा अर्धा दिवस सगळी लॅब बंद ठेवावी लागली.

बॅटरी. मॉड्यूल पाच आणि बॅटरीची स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेली माळ) एकच, हे मी दोन ठिकाणी बघितलंय. ३२-४० बॅटऱ्यांच्या माळेत एक ओपन झाली (आतून तुटली) की माळ गेली. निदान दोन स्ट्रिंग आणि दोघींना वेगळे ब्रेकर घ्या. खोली २५ डिग्रीवर ठेवा, दर दहा डिग्रीला लेड अ‍ॅसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. यूपीएसची स्वतःची उष्णताही धरा, ८० किलोवॅटवर ९६ टक्के एफिशियन्सी म्हणजे सव्वातीन किलोवॅटच्या वर, एक टनाचा एसी त्यातच गेला. ९६ आणि ९७ मधला फरक वर्षाला सुमारे साडेसात हजार युनिट पडतो, पण आकडा तुमच्या खऱ्या लोडवरचा मागा, ब्रोशरवरचा नको. इको मोडची (लोड थेट मेन्सवर चालवून वीज वाचवणारा) ९९ टक्के दाखवतील, जून ते सप्टेंबर तो मोड लावू नका असं मी म्हणेन, हॉस्पिटलला तर कधीच नको.

थोडं बाजूचं, पण महत्त्वाचं. हे यूपीएस बहुतेक ट्रान्सफॉर्मरशिवायचे असतात आणि आउटपुटचा न्यूट्रल मागून, म्हणजे इनपुटकडूनच येतो. डीजी चेंजओव्हर (मेन्स आणि डीजी बदलणारा स्विच) फोर पोल, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा असेल तर बदलताना तो न्यूट्रल क्षणभर तुटतो आणि पुढे न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज उडतं. डिझाइनवाल्याकडून ड्रॉइंगवर हे तपासून घ्या, स्वतः जम्पर मारू नका. आणि फोंडा समुद्रापासून आत असला तरी कार्डांना कन्फॉर्मल कोटिंग (ओल आणि मीठ रोखणारा लेप) मागाच, आमच्या अडकलेल्या फॅनवर मिठाचा पांढरा थर होता.

एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) लिहून घ्या: माणूस किती तासांत आणि कुठून येणार, स्पेअर कुठे ठेवलेत, एक मॉड्यूल गेला तरी ती इमर्जन्सी धरणार, सणासुदीलाही. पीएमची एक व्हिजिट मे महिन्यात. पैसे सोडायच्या आधी लोड बँक (खोटा लोड देणारं यंत्र) लावून पूर्ण लोडवर एक मॉड्यूल तुमच्या हाताने ओढून बाहेर काढा, मग डीजीवर तेच परत करा. विक्रेता कां कूं करायला लागला तर तिथेच कळलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटेशनचं सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा एका रेषेतला नकाशा) मिळालं तर इथे टाका, किंमत झाका हवी तर. रविवारी निवांत बघून सांगतो.