बर्फावरची स्लेज गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीमुळे उत्तरेकडची परंपरा खरंच टिकते का?

हो, टिकते, कारण शर्यत समोर असली की वर्षभर कुत्री पोसायला, पिल्लं शिकवायला आणि जुन्या वाटा मोकळ्या ठेवायला निमित्त उरतं. अलास्कात 1960च्या दशकात स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी मोटारगाडी, आली आणि गावोगावची कुत्री झपाट्यानं कमी झाली. ते थांबवण्यासाठीच स्लेजची कुत्री पाळणारे जो रेडिंग्टन यांनी 1973 मध्ये अँकरेज ते नोम अशी सुमारे 1,600 किलोमीटरची इडिटारॉड शर्यत उभी केली. तिच्या नियमांतच जुनी विद्या आहे: स्लेजवर कुऱ्हाड, बर्फात पाय रुतू नयेत म्हणून घालायचे स्नोशूज, कडाक्याच्या थंडीची स्लीपिंग बॅग, बर्फ वितळवून पाणी उकळायची चूल आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ पायमोजे लागतातच. मोजे नसले की बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गुठळ्या धरतात आणि पंजा चिरतो. उलट मोज्याची पट्टी जास्त आवळली तर पाय सुजतो. ती किती आवळायची, हे वाचून येत नाही, बोटांनाच कळावं लागतं, आणि ते शिकायला कुणाच्या तरी कुत्र्यांसोबत हिवाळे काढावे लागतात.

मात्र मोठी शर्यत एकटी पुरत नाही. खर्चामुळे माणसं गळतात. 2023 मध्ये इडिटारॉडला फक्त 33 जण उतरले. म्हणून मला अलास्कातल्याच बेथेलची, 1980 पासून चालणारी कुस्कोक्विम 300 ही शर्यत जास्त मोलाची वाटते: ती युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावांमधून जाते. बेथेलचाच पीट कायझर 2019 मध्ये इडिटारॉड जिंकला.