जिमची फी नाही, पण घरात बादल्या तर आहेत ना?

प्रश्न : ताई, जिमची फी परवडत नाही, खोली १० बाय १० ची, दिवसभर खुर्चीत बसून काम, आता जिना चढताना पण धाप लागते. घरीच काय करू?

उत्तर : अरे, मार्केटयार्डातल्या हमालांकडे बघ, उचलायचं, चालायचं, ठेवायचं, परत उचलायचं, ताकद त्यातनंच येते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, म्हणजे दोन बादल्यांत ५-५ लिटर भरलं की १० किलो झाले, त्या दोन्ही हातांत धरून पाठ ताठ ठेवून गॅलरीत नाहीतर पॅसेजमध्ये मिनिटभर चाल, खाली ठेव, दम घे, असं पाचदा. जुन्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी टाकून ती छातीशी धर आणि बैठका मार. फक्त उचलताना कमरेतून वाकू नकोस रे, गुडघे वाकव, वजन अंगाजवळ ठेव, श्वास रोखू नकोस, कारण एकदा कंबर धरली की सगळंच बंद पडतं. फरशी उकिडवं बसून पूस, मांड्या भरून येतात. आठवड्यातून ३ दिवस पुरे, सोपं वाटायला लागलं की लिटरभर पाणी वाढव. बीपी, हर्निया असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव.